खर्ड्याच्या अलीकडे

सोनेरी विग, डोळ्यांत काजळ, जांभळी चकचकीत पँट, टिकल्यांचं जाकीट, धूर, लेसर, आणखी धूर, आणि त्या धुरात सावेडीचा अजिनाथ गळ्याच्या शिरा ताणून किंचाळतोय, कारण त्याचं धनश्रीवर धडाड् धडाड् धडाड्.

ऐकू आलं नाही ना? चार वर्षं कुणालाच आलं नाही. मधे परवेझचे ड्रम होते.

पुन्हा, हळू.

अजिनाथ बँडचा गायक. धनश्री बास गिटार वाजवते. अजिनाथला ती आवडायची, सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं गाणं केलं. त्यात चंद्र नाही, गुलाब नाही. नगरहून तिच्या गावाला जाणाऱ्या एसटीचे थांबे, ओळीनं. शेवटी तिचं गाव, खर्डा. पण तिथं तो नाव घ्यायचाच नाही, नुसती किंकाळी मारायचा. पब्लिकला वाटायचं, गाणं इंग्रजी आहे. ज्यांना इंग्रजी यायचं त्यांना वाटायचं, जर्मन आहे.

खरं काय ते फक्त परवेझला माहीत.

आणि मग एका प्रॅक्टिसला धनश्रीनं स्वतःचा विग काढून अ‍ॅम्पवर ठेवला.

"बास झालं. डोकं खाजतंय. आता साधं वाजवायचं. लाकडी गिटार. धूर न्हाई, किंचाळणं न्हाई. शब्द ऐकू यायला पायजेत."

"शब्द कशाला?" अजिनाथ.

"चार वर्षं तुझ्या शेजारी उभी हाय. काय म्हणतोस ते कळलं न्हाई अजून."

"फील महत्त्वाचा."

"फील लई झाला."

"मी हिच्या बाजूनं," परवेझ अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "अज्या लिहितो भारी. लोकांना कळू दे की."

दोन विरुद्ध एक. अजिनाथनं घरी शब्द बदलून पाहिले. चिचोंडीच्या जागी जिंदगी बसली. जामखेडच्या जागी जगात काहीच बसेना.

सावेडीतलं एक कॅफे. परवेझ लाकडी खोक्यावर बसून तोच खोका हातानं वाजवतोय. तिघांच्या अंगात साधे शर्ट. हे साधे शर्ट निवडण्यात आख्खा दिवस गेला होता. टिकल्यांच्या जाकिटाला कधी एवढा लागला नव्हता.

अजिनाथ गायला लागला. घाबरला आणि नवे शब्द विसरला. जुनेच आले.

चिचोंडी पाटील…

        कडा…

                जामखेड…

बास थांबला.

"आष्टी राहिली," धनश्री म्हणाली. माईक चालू होता.

"काय?"

"कड्यानंतर आष्टी. मग जामखेड. आष्टीला गाडी थांबती, लोकं चहा पितात. तू कधी गेलायस का त्या रोडनं?"

"नाही."

"मग गाणं कशावरनं लिहिलं?"

"स्टँडवरच्या बोर्डावरून."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं परवेझ. धनश्री मात्र हसली नाही. ती त्याच्याकडे बघत मनातल्या मनात थांबे जोडत होती, आणि ती रस्ता कुठवर जोडणार हे अजिनाथला दिसत होतं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

चिचोंडी पाटील. कडा. आष्टी चालीत बसेना, तर तिनं बासचा एक सूर लांबवून तिला जागा करून दिली. जामखेड.

आता किंकाळी.

अजिनाथनं तोंड उघडलं. परवेझचे हात खोक्यावरच थांबले. धूर नव्हता. लपायला केससुद्धा स्वतःचेच, आणि ते थोडे. धनश्री तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. वाट बघत.

"खर्डा," तो म्हणाला. गायला नाही. म्हणाला.

तिच्या बोटांचा ठेका चुकला. चार वर्षांत पहिल्यांदा.

मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "पुढं भूम!"

"पुढं न्हाई," धनश्री माईकमध्ये म्हणाली. "हा हितंच उतरतो."