एक घोळी जेवणानंतर

लोक निवृत्त झाले की फिरायला जातात, पत्ते कुटतात, फार तर जगाला सल्ले देतात. माझ्या सासऱ्यांनी शब्दांची मोडतोड करायला घेतली. आणि नियम काय, तर असलेल्या शब्दातलं एकच अक्षर बदलायचं. दोन बदललीत की दंड. दंड म्हणजे चहा, साखर घालून, त्यांच्यासाठी.

घड्याळ सकाळी सकाळी रडवतं, म्हणून ते रड्याळ. खुर्ची कुरकुरते, म्हणून कुर्ची. चष्मा शोधायला जावं तर जागेवर नसतो, म्हणून नष्मा. वरच्या मजल्यावरचे शेजारी दिवसभर फर्निचर सरकवतात, ते बेजारी. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, नाकावर राग घेऊन हिंडतो, म्हणून चिरंजीवांचे झाले चिडंजीव. आणि मी डबा, किल्ली, बस करत धावत सुटते, म्हणून सूनबाईची सूनघाई. पाहुण्यांसमोरसुद्धा! "सूनघाई, माझा नष्मा दे गं." पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी जमिनीकडे.

बरं, मी काम काय करते? छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लाल पेन घेऊन दुसऱ्यांची चुकलेली अक्षरं जागेवर बसवायची, आणि घरी आलं की हे म्हातारबुवा बसलेली अक्षरं उठवायला तयार. सांगा, माणसाने डोकं कुठे आपटायचं?

बाबा, म्हणजे हेच सासरे, आपल्या औषधाच्या गोळ्यांना घोळी म्हणायचे. घेतली तरी घोळ, विसरली तरी घोळ. रोज सकाळ-संध्याकाळ मीच ओरडायची, "बाबा, घोळी घेतली का?" दुसरं काही म्हटलं तर ते उत्तरच देत नसत. जीभ वळली ती वळलीच.

मग व्हायचं तेच झालं. छापखान्यात एका औषध कंपनीचं माहितीपत्रक आलं. मजकूर अगदी बरोबर होता, 'जेवणानंतर एक गोळी'. मी लाल पेन उचललं आणि 'गोळी'वर काट मारून शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'घोळी'. माझ्या हाताने! अख्खा गठ्ठा छापून झाला, कंपनीकडे गेला आणि तिथून हसण्यासकट परत आला. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्ही चुका काढता की घालता?"

घरी आले ती तणतणतच. बाबा दारातच म्हणाले, "आलीस का सूनघाई?" झालं. माझा तोल सुटला. "पुरे झाला हा पोरखेळ! माझी नोकरी जायची वेळ आली. उद्यापासून या घरात एकही वाकडा शब्द ऐकायचा नाहीये मला. सरळ बोलायचं असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता, पण वेळेवर आणलंत. हात हलत होते, पाय हलत होते. मग त्यांनी बोलणं तपासायला घेतलं. मनगट पुढे केलं, "आजोबा, हे काय?"

"घड्याळ."

"आणि हे?"

"चष्मा."

"तुम्ही कशावर बसलाय?"

"खुर्ची."

"ही कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सून."

"वा! एकदम छान. उद्या घरी न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. मी मात्र बाबांकडे बघत राहिले. या माणसाच्या तोंडून 'चष्मा' हा शब्द मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकला नव्हता.

"डॉक्टर, ते बरे नाहीयेत," मी म्हटलं.

"अहो, सगळी उत्तरं बरोबर आलीत."

"तेच तर सांगतेय ना! बरोबर कशी आली?"

नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इतकी वर्षं तूच कटकट करत होतीस, नीट बोला म्हणून. आता बोलतायत तर तेही चालेना?"

काय सांगणार या चिडंजीवांना? मी काल काय बोलले होते, ते त्याला ठाऊकच नव्हतं. बाबा माझ्यावर रुसून सरळ बोलत होते, की आतलं ते सगळं पुसूनच गेलं होतं? रुसले असतील तर मी पाय धरून मनवलं असतं. पण गेलंच असेल, तर उद्या घरी कोणाला न्यायचं? बाबांचे कपडे घातलेल्या कुठल्यातरी शहाण्या म्हाताऱ्याला?

बाबांना खाटेवर निजवलं, तशी मी जवळ जाऊन बसले. "बाबा, नष्मा देऊ?" त्यांनी नुसतं पाहिलं. "बेजारी आज सकाळी तुमची चौकशी करत होते." बाबांचे डोळे खिडकीकडे.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. मी आजवर एकही शब्द बनवला नव्हता. ती माझी वृत्तीच नाही हो! पण म्हटलं, आता लाजून चालायचं नाही. डॉक्टरीणबाई बघतायत, नवरा बघतोय, बघू देत.

"बाबा," मी मोठ्यांदा म्हणाले, "आता तुम्हाला इंजेटोचन देणार आहेत."

नर्स थबकली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबा गप्पच. सुई टोचून झाली, नर्सने कापूस दाबला, तरी गप्पच. संपलं, मला वाटलं. माझ्याच तोंडाने मी संपवलं.

मग त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. ओठ हलले. बोटांवर त्यांनी काहीतरी मोजल्यासारखं केलं, पुन्हा मोजलं.

"दोन," ते म्हणाले.

"काय दोन, बाबा?"

"दोन अक्षरं बदललीस." आवाज जड होता, पण चांगलाच वैतागलेला. "काय हे? इतक्या वर्षांत काही शिकली नाहीस. दंड."

मला हुंदका आवरेना. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, "काय झालं? काय म्हणतायत ते?"

"चूक काढली माझी," मी डोळे पुसत म्हटलं.

बाबांनी हात माझ्या मनगटावर ठेवला. दरवाजाकडे चोरून पाहिलं, आणि हळूच विचारलं, "बोलू का मग? चालेल तुला?"

"बोला हो. बोला काय बोलायचं ते."

"मग चहा आण, सूनघाई. साखर घालून."

"साखर बंद केलीये तुमची."

"मग नको," म्हणत त्यांनी हात काढून घेतला आणि कूस बदलून तोंड फिरवलं. हट्टी म्हातारा! मी पदर खोचला आणि चहा शोधायला निघाले.