वहिनीच्या तोंडावर चाललेली बस

हे कुणाला पटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. पटलंच, तर सांगण्यात माझं काहीतरी कमी पडलं असं समजा.

सहलीचा शेवटचा दिवस होता. एका मिनीबसमध्ये अख्खं घर कोंबलेलं: दीर, जावा, नणंद, जावई, आणि मागे बॅगांचा ढिगारा. इतके दिवस मांडीला मांडी लावून बसल्यावर आता भांडायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं. बस चालवत होता धाकटा दीर. पेशाने शाळेच्या बसचा ड्रायव्हर. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे पोटचं पोर वाटेवरच्या माणसाला देणं, असा त्याचा हिशोब. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो एकटाच चालवत आला होता, आणि त्याचे डोळे आता काळ्या चष्म्याआड गेले होते.

त्याला झोप लागू नये म्हणून घरच्यांनी एक नियम केला होता. ड्रायव्हरशेजारची सीट बोलणाऱ्याची. तिथे बसेल त्याने तोंड बंद ठेवायचं नाही. पाळ्या लावलेल्या. मोठ्या वहिनीची पाळी मात्र रोज पुढे ढकलली जायची, कारण वहिनी म्हणजे तोंडाला कुलूप. तिच्या वाटचंही तिचा नवराच बोलून टाकायचा. घरात त्याला 'रेडिओ' म्हणत. पण त्या दिवशी रेडिओचा घसा बसला आणि बाकीच्यांच्या गप्पा आटल्या.

"जा वहिनी," नणंद म्हणाली. "लग्नापासूनचं साठवून ठेवलंयस, काढ एकदाचं बाहेर."

"मी काय बोलणार?"

"दिसेल ते बोल. त्याला कुठे ऐकायचंय?"

वहिनीने ते शब्दशः घेतलं. जेवणं झाली होती, मागे एकेक मान लवंडत होती, बस डोंगर उतरायला लागली होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "डावीकडे वळण," वहिनी म्हणायची. "आता सरळ. पुढे खड्डा, उजवीकडून घ्या." दीर म्हणायचा, "हं." एका वळणावर शेळी आडवी आली. वहिनी नुसती "शेळी" म्हणाली आणि बस तिला अशी बगल देऊन गेली, की शेळीने रवंथ थांबवला नाही.

मग वहिनीला ठसका लागला. पाण्याची बाटली उघडून दोन घोट होईपर्यंत ती गप्प राहिली, आणि समोरचं वळण आलं तरी बस सरळच निघाली. रस्त्याकडेचे पांढरे दगड काचेत मोठे होत गेले.

"डावीकडे," वहिनी म्हणाली.

बस डावीकडे वळली. शेवटचा दगड चाकाला घासून गेला.

वहिनीने मान पुढे काढून चष्म्याच्या कडेतून पाहिलं. दिराचे डोळे मिटलेले होते. तोंडावर गाढ झोपलेल्या बाळाची शांती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "बसला आग लागलीय का?"

"हं."

ओरडावं, तर सकाळचं तिला आठवलं. चहाला थांबल्यावर दीर डुलकी घेत होता, रेडिओने प्रेमाने खांद्यावर थाप मारली, आणि दिराने असा हिसडा दिला की रेडिओचा चष्मा चहावाल्याच्या पातेल्यात सापडला. तो हिसडा इथे स्टिअरिंगला बसला, तर घरात दिवा लावायलाही कुणी उरणार नव्हतं.

"भाऊजी, ब्रेक लावा. उजवीकडे वळण. ब्रेक लावा."

"हं." बस उजवीकडे वळली, वेग तोच राहिला. झोपेत माणसाचे हात ऐकतात, पाय ऐकत नाहीत, हे वहिनीला त्या दिवशी कळलं.

खाली दरीच्या तळाशी पूल दिसत होता. जेमतेम एका गाडीपुरता. पलीकडून लाकडांनी भरलेला ट्रक त्याच पुलाकडे येत होता. तिथे डावं-उजवं सांगून भागणार नव्हतं. तिथे पायही हवे होते आणि डोळेही.

हिसडा न देता माणूस जागा होतो कशाने? वळणं सांगता सांगता वहिनी विचार करत होती. खरं बोलून तर तो आणखी गाढ झोपला होता. जन्मात खोटं न बोललेल्या बाईने मग खोट्याला हात घातला.

"भाऊजी, तुमच्यासारखा गळा सात पिढ्यांत नाही. डावीकडे वळण."

"हं," दीर खुशीत म्हणाला.

"घरातले सगळे म्हणतात, देखणा म्हणाल तर धाकटाच. सरळ घ्या."

"हं." आता तर तो किंचित घोरला. आपली स्तुती माणसाला झोपेतही खोटी वाटत नाही.

शेवटचं वळण संपलं. समोर सरळ उतार आणि पूल. ट्रकने पुलावर चाक घातलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "मागच्या वर्षी तुम्ही एक पोर बसमध्ये विसरून घरी आलात."

"हं" आलं नाही.

बस किंचित कडेला सरकत होती. "उजवीकडे" हा शब्द वहिनीच्या ओठांवर आला. पण तो उच्चारला, की दिराचं ते "हं" परत येणार आणि झोप परत लागणार. तिने शब्द गिळला. दोन्ही हातांनी सीटची कड धरली.

"मागच्या सीटखाली झोपलेलं होतं. तुम्ही चावी काढलीत आणि मागे वळूनही पाहिलं नाहीत. अंधार पडेपर्यंत आतून काच बडवत होतं ते."

दिराच्या कपाळावर आठी उमटली. चष्म्याआड पापणी हलली. बस हळूच रस्त्याच्या मध्ये आली, आणि गालिच्यावर पाय ठेवावा तसा त्याचा पाय ब्रेकवर गेला. पुलाच्या अलीकडेच बस थांबली.

"खोटं," तो म्हणाला. "साफ खोटं, वहिनी. एकेका सीटखाली वाकून बघितल्याशिवाय मी चावीला हात लावत नाही. कोण म्हणतो असं?"