पट्ट्याची गाडी

हरिहरने काठी बायकोच्या, हेमाच्या, हातात दिली, बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि खाली वाकून कान लावला. आत इंजिन एकाच सुरात घुमत होतं.

"बंद कर रे देवराम. ही गाडी नाही, पिठाची गिरणी आहे."

"साहेब, जपानी हाय. मस्कतवाल्या पार्टीची," देवराम फडक्याला हात पुसत म्हणाला. गाड्या विकून त्याचं तोंड गुळगुळीत झालं होतं. "गिअरच नाय आत. दोन पुल्या नि मधी पट्टा. पुल्या लहानमोठ्या होतात, गाडी आपली पलते. झटका नाय, काय नाय."

"पट्ट्यावर शिवणयंत्र चालतं. मी हिच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही."

उभं आयुष्य वागळे इस्टेटच्या कारखान्यात हरिहरने गिअर कापले होते. स्वतःच्या दातांपेक्षा गिअरचे दात त्याला जास्त पाठ, असं त्याची आई, माई, चारचौघांत सांगायची. आत्ता ती गॅरेजच्या बाकावर बसून शेंगा सोलत होती.

झटका येऊन हरिहरची डावी बाजू गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. हात परत आला, पाय अर्धाच आला. तेव्हापासून डोंबिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावर तिघं एकमेकांची तोंडं बघत बसली होती. भिंतींनासुद्धा त्यांचा कंटाळा आला असावा. पोपडे धरून त्या आपल्या निघून चालल्या होत्या. हेमा जिना उतरायची ती भाजीपुरती, आणि वरून हाक यायच्या आत परत चढायची.

डॉक्टर म्हणाले, क्लच नसलेली गाडी उजव्या पायावर चालवता येईल. त्या दिवसापासून हरिहर माणसात आला. हेमाकडेही लायसन्स होतं. आजाराआधीच, रामनगरच्या मोटार स्कूलमध्ये जाऊन काढलेलं. तेव्हा हरिहर म्हणाला होता, "एका घरात एक ड्रायव्हर पुरे." लायसन्स कपाटात शालूखाली गेलं. आता गाडी आली तर चालवणार कोण, हे विचारायला तिचं तोंड अजून उघडलं नव्हतं.

दुसरी गाडी पांढरी, तीन गिअरची ऑटोमॅटिक. हरिहर स्टिअरिंगवर बसला, हेमा शेजारी, मागे माई आणि देवराम.

"हा बघ, दुसरा पडला!" रस्त्याला लागताच हरिहर ओरडला. "कळला का धक्का? आता तिसरा. याला म्हणतात यंत्र. काय करतंय ते सांगून करतं."

त्याचा चेहरा इतका उजळला की हेमालाही हसू आलं.

ठाकुर्लीचं रेल्वे फाटक बंद होतं. दोन्हीकडून रिक्षा, टेम्पो, सायकली येऊन रस्ताभर पसरल्या, एकमेकांसमोर, कुस्तीला उभ्या राहिल्यासारख्या.

"या फाटकाशी एकदा वरात अडकलेली," माई म्हणाली. "उघडेपर्यंत नवरानवरीचं भांडण होऊन मिटलंसुद्धा. पलीकडे गेले ते बारसं करूनच."

"मी होतो ना त्या बारशाला," देवराम म्हणाला.

फाटक उघडलं तशी दोन्हीकडची गर्दी एकदम रुळांवर घुसली. गाडी इंच इंच पुढे जात होती. समोरची रिक्षा गचकन थांबली आणि हरिहरचा डावा पाय, अर्धामुर्धा का होईना, जुन्या सवयीने क्लच शोधत धाडकन खाली गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी रुळांवर उभी.

रिक्षा पुढे निघून गेली. पुढचा रस्ता मोकळा. मागून हॉर्न सुरू झाले.

"साहेब, पाय काढा."

"निघत नाही," हरिहर म्हणाला. पाय लाकडासारखा ताठला होता. "निघत नाही रे."

फाटकवाला शिट्टी फुंकत हात हलवू लागला. माईच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. हेमा वाकली. रोज सकाळी त्याचा पाय पँटमध्ये घालताना धरायची तसा तो गुडघा तिने दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. ब्रेक सुटला. गाडी आपोआप सरकली, रुळांवरून डुगडुगत पलीकडे गेली.

"सगळे जिवंत आहात ना?" माई म्हणाली. "मग श्वास घ्या."

परत येताना देवरामने चालवली. गॅरेजशी उतरल्यावर हरिहरला वाचा फुटली.

"चूक गाडीची नव्हती. उलट बघितलंस ना, ब्रेक सुटल्याबरोबर कशी आपणहून सरकली? ती पट्ट्याची ढिम्म उभी राहिली असती. हीच घेऊ. हेमा शेजारी असेलच. पाय अडकला की उचलेल."

"दर वेळी?" हेमाने विचारलं.

"जेव्हा निघू तेव्हा. रोज कुठे निघणार आहोत आपण?"

हेमाने आपले तळवे बघितले. ते अजून लाल होते. ते तिने पदराला पुसले, जरा जास्तच वेळ.

"आई कुठे गेली?" हरिहरने विचारलं.

माई पट्ट्याच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

"आई, उतर. आपण ती घेतोय."

"मी नाही उतरत. मला गिरणी आवडते. दळण कुठवर आलंय ते कोणी ओरडून सांगत नाही."

"देवरामभाऊ," हेमा म्हणाली, "पट्ट्याची द्या."

हरिहर तिच्याकडे वळला. "ती मी चालवणार नाही. सांगितलंय मी."

"हो. मघाशीच म्हणालात."

देवरामने एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. मग चावी हेमाच्या हातावर ठेवली आणि त्याला एकदम आत काहीतरी काम आठवलं.

हेमाने सीट पुढे ओढली. चावी फिरवली. इंजिन पुन्हा त्याच एका सुरात घुमू लागलं. तिने हात लांब करून शेजारचं दार आतून उघडलं आणि समोर बघत बसली.

हरिहर बराच वेळ उन्हात काठीवर उभा होता. मग आला, सीटवर टेकला, काठी आत घेतली. डावा पाय बाहेरच राहिला. त्याने हेमाकडे बघितलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

त्याने वाकून आपल्याच हातांनी पाय उचलला, आत घेतला आणि दार लावलं.