हिराईच्या डोक्यावरून मी उतरणार नाही

मी मुकुट बोलतोय. सोन्याचा नाही, पत्र्याचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

ब्रह्मपुरीच्या एका पत्रेवाल्यानं तेलाचा रिकामा डबा कापून मला घडवलं. बाहेरून सोनेरी रंग दिला, लाल-हिरव्या काचा डकवल्या, कपाळावर मोर बसवला. आत डोकावलात तर 'शुद्ध' एवढी अक्षरं अजून वाचता येतात. असल्या जन्माची मला लाज नाही. खऱ्या सोन्याचे मुकुट कुठेतरी कुलुपात, पहाऱ्यात पडलेले असतात. मी दर हंगामाला राज्य करतो.

राज्य वडशाच्या एका नाटक कंपनीचं. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि रात्री नाटक लागतं ते उजाडेपर्यंत चालतं. लोक चादरी-घोंगड्या घेऊन येतात. लेकरं मांडीवर झोपून जातात. शेवटचा अंक आला की आया त्यांना हलवून उठवतात, "उठ बे, राणी मरून राह्यली!"

खोटं नाही. माझ्याखालची प्रत्येक राणी मेली. रझिया मेली, चांदबिबी मेली, दुर्गावती मेली, झाशीवाली तर दर दोन वर्षांनी मेली. एकदा हौसेनं इजिप्तची क्लिओपात्रा बसवली, ती रबरी साप चावून मेली. इतिहासात त्या मेल्या हे मला मान्य आहे. पण मरण्याआधी त्यांनी काही केलं होतं की नाही? रझिया दिल्लीच्या तख्तावर बसली. चांदबिबीनं अहमदनगरच्या तटाला पडलेलं खिंडार उभं राहून बुजवून घेतलं. ते सगळं दोन वाक्यांत उरकायचं आणि मरण मात्र अर्धा तास चालवायचं, ही आमची रीत. मरताना राणीनं मला दोन्ही हातांनी उतरवायचं आणि राजाच्या पायाशी ठेवायचं. तिथे हमखास टाळ्या. मला त्या टाळ्यांचा भयंकर राग येई.

सुरुवातीला मला पुरुषच घालत. दिवसा धानाच्या बांधीत राबणारा गडी संध्याकाळी मिशा काढून राणी व्हायचा. मग बाया आल्या, आणि लोक कुजबुजू लागले, की चांगल्या घरच्या बाया का नाटकात जातात? पुरुष राणी झाला तर कलावंत, बाई राणी झाली तर चर्चा. माणसांचं हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

सरिता त्या बायांपैकीच. तिचा नवरा श्रावण आमच्याच कंपनीत ऑर्गन वाजवायचा. बल्लारपूरच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. वर्ष सरलं आणि सरिता पुन्हा तोंडाला रंग लावून उभी राहिली, कारण तिची मुलगी दिव्यानी शाळेत होती आणि सरिताला दुसरं काही इतकं चांगलं येत नव्हतं. तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, धनराज मात्र खवळले. ते सावली तालुक्यातल्या गावचे, वजनदार माणूस. वडशाला येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरा गेलेल्या बाईले हे शोभते का? यंदापुरतं चालवून घेतो. कंपनीनं काढलं का घरी बसायचं, मंग नाटकाचं नाव काढायचं नाई."

सरितानं मला उचललं आणि पदरानं पुसलं.

त्या वर्षी नवं नाटक होतं, चांद्याच्या गोंड राणी हिराईचं. राजा बीरशाह आमचे मालक नानाजी स्वतः. नानाजींना मरणाची भारी आवड. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मारेकऱ्याच्या हातून मरायचं आणि तिसऱ्या अंकात पांढऱ्या चादरीखाली आडवं पडून राहायचं. लोक हळहळतात आणि संवादही पाठ करावे लागत नाहीत. शेवटी हिराई मला उतरवते, त्यांच्या पायाशी ठेवते आणि सती जाते. लाकडांत लाल बल्ब, बाजूला धुराचं यंत्र, आणि पडदा.

तालीम चालू असताना दिव्यानीचा फोन आला. शाळेत तिला जगातल्या कर्तबगार स्त्रियांवर बोलायचं होतं. ती आईला वाचून दाखवत होती आणि मी सरिताच्या मांडीवर बसून ऐकत होतो. इंग्लंडची एक एलिझाबेथ, लग्नच केलं नाही आणि आयुष्यभर राज्य केलं. इजिप्तची एक राणी, तिचं नाव मायलेकींना नीट घेता येईना, ती सिंहासनावर बसली तेव्हा खोटी दाढी लावायची म्हणे. आमचे गडी राणी व्हायला मिशा काढत, आणि खऱ्या राणीला राजा व्हायला दाढी लावावी लागली! मी हसून हसून वाकडा व्हायचा राहिलो.

"आपल्या इकडची कोन सांगू?" दिव्यानीनं विचारलं.

"हिराई सांग. मी तेच करून राह्यली."

"पन आई, आमची सहल चांद्याले गेली होती न, तवा गुरुजीनं राजाची समाधी दाखवली. राणीनं बांधली म्हने. तू त सती जातेस. मंग समाधी कोनं बांधली?"

सरिता तशीच उठून नानाजींकडे गेली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला.

"कोनं तरी बांधली असन," नानाजी म्हणाले. "गवंड्यानं बांधली असन!"

"हिराई सती गेली नाई, नानाभाऊ. लहान पोराले गादीवर बसवून तिनंच राज चालवलं. गुरुजी सांगते, पुस्तक सांगते. मी तिले खोटं खोटं कशी जाळू?"

"पब्लिकले रडू पाह्यजे, बाई. राज चालवतानी पाहून कोन रडते?"

विषय संपला. म्हणजे नानाजींचा संपला.

इथे आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. आज राजा झालेला नट उद्या दुसऱ्या नाटकात फौजदार असतो, परवा दारुडा. इतके संवाद पाठ कुठून होणार? म्हणून पडद्याच्या बाजूला, विंगेत, प्रॉम्प्टर बसतो. तो पुस्तकातलं वाक्य हळू आवाजात सोडतो आणि नट ते मोठ्यानं म्हणतो. आमचा प्रॉम्प्टर लटारूभाऊ. तो बोलेल ते ब्रह्मवाक्य. एकदा त्याला खोकला आला तर सेनापतीही खोकला होता.

पहिला खेळ सावलीजवळच्या गावात लागला. धनराज पुढच्या खुर्चीवर बसले होते. पूर्वेला तांबडं फुटत होतं. लेकरं उठवून झाली होती. नानाजी चादरीखाली निवांत होते, लाकडांतला बल्ब पेटला होता. सरिता चितेपाशी आली आणि तिची बोटं माझ्या कडांना लागली. मी मनात म्हटलं, झालं, आलं खाली उतरणं.

"स्वामी, मी आले," लटारूभाऊनं वाक्य सोडलं.

सरिता बोलली नाही.

"स्वामी, मी आले!" या वेळी ते पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोकांना वाटलं, बाई विसरली. एक आजी कळवळून ओरडली, "अवो बाई, स्वामी मी आले म्हना न!"

सरितानं हात खाली घेतले. मी जागच्या जागी राहिलो. ती प्रधानाकडे वळली.

"प्रधानजी, ही लाकडं उचला."

प्रधानानं विंगेकडे पाहिलं. लटारूभाऊ पुस्तकाची पानं उलटत होता. त्याच्याकडे वाक्य नव्हतं. प्रधान बिचारा आपल्या मनानं बोलला, "कुठी नेऊ?"

"चुन्याच्या भट्टीकडे न्या. महाराजांची समाधी बांधायची आहे, चुना लागेल. आणि दरबार भरवा. आजपासून मी बसणार आहे."

चादरीखालून मेलेला राजा दात-ओठ खात कुजबुजला, "सरिता, सती जाय! सती जाय म्हनतो न!" पण मेलेल्याला उठता येत नाही. नानाजींनी हौसेनं घेतलेलं मरण त्यांच्या अंगाशी आलं होतं. शेवटी कुणीतरी घाबरून पडदा पाडला.

टाळ्या पडल्या का? काही पडल्या. काही बाया उभ्या राहून वाजवत होत्या. मागून शिट्ट्याही आल्या, आणि एकजण ओरडला, "चिता काऊन नाई पेटवली बे?" खेळ बोलावणाऱ्या गावच्या मंडळाचे लोक कुरकुरत आत आले. झालं, नानाजींना निमित्त मिळालं.

"उद्यापासून राणी मोनाली करन," ते म्हणाले. मोनाली त्या नाटकात दासी होती. गोड पोरगी, पण एक वाक्य लक्षात राहील तर शपथ.

तेवढ्यात धनराजही आले. "चाल, सरिता. गाडी आनली हाये."

त्या क्षणी सरिताचा चेहरा मी पाहिला. ती रडत नव्हती, पण हातातली पिशवी तिला भरता येईना. रंगाचे डबे आत टाकायची आणि पुन्हा बाहेर काढायची. घरी गेली असती तर ती पुन्हा कधी कुठल्या मांडवात दिसली नसती.

वाचवलं कुणी म्हणाल, तर लटारूभाऊच्या घशानं. पहाटेच्या थंडीत ओरडून ओरडून तो पार बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा. पुढचा खेळ दुसऱ्याच दिवशी होता आणि प्रॉम्प्टर नाही. कंपनीत झरझर वाचणारी, नाटक तोंडपाठ असलेली एकच बाई होती. नानाजींनी तिच्याकडे रागानं पाहिलं.

"बोलायची मोठी हौस आहे न तुले? बस मंग विंगेत आन बोल! तोंड नाई दिसलं पाह्यजे कोनाले!"

त्यांना वाटलं, शिक्षा दिली. सरितानं मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं, नानाभाऊ." मग धनराजांना म्हणाली, "कंपनीनं काढलं नाई मले, भाऊजी. काढलं का येईन." धनराजांचाच शब्द होता, त्यांना गिळावा लागला. ते बडबडत गाडीवर बसले.

दुसरा खेळ एटापल्लीच्या वाटेवरच्या गावात होता. सूरजागडच्या खाणीतून लोखंडी दगड घेऊन निघालेल्या ट्रकांनी रस्ता अडवला होता, म्हणून आमची गाडी दुपार उलटून गेल्यावर पोहोचली. गावातल्या नीलाबाई पाणी घेऊन आल्या. वयस्कर बाई, हिराईचं नाव ऐकून मुद्दाम आल्या होत्या, कारण ती त्यांच्या गोंडांची राणी. रचत असलेली लाकडं पाहून त्यांनी विचारलं, "हे कायले?"

"राणीले जाळाले," नानाजी म्हणाले.

"जिवंत?" नीलाबाई पाहत राहिल्या. "आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतेत, भाऊ. जिवंत बाईले नाई जाळत."

नानाजी हसले आणि चहा मागवायला गेले. सरिता बाजूलाच उभी होती. तिनं नीलाबाईंच्या हातातली घागर खाली उतरवून घेतली.

त्या खेळात मी मोनालीच्या डोक्यावर होतो. पोरगी थरथरत होती आणि तिच्याबरोबर मीही. पण वाक्य चुकलं नाही, कारण विंगेतून सरिता एकेक शब्द सोडत होती आणि मोनाली तो जसाच्या तसा उचलत होती. असं करत तिसरा अंक आला. साग-मोहाच्या झाडांमागं उजाडू लागलं. नानाजी चादरीखाली गेले. बल्ब पेटला, धूर निघाला. मोनाली चितेपाशी आली, तिचे हात वर आले आणि माझ्या दोन्ही कडा तिनं धरल्या. अर्धा मी उचललाही गेलो. ती वाक्याची वाट पाहू लागली.

मला विंगेतली सरिता दिसत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता. पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"प्रधानजी, ही लाकडं उचला," विंगेतून शब्द आले.

मोनालीनं डोळे विस्फारले. पण विंगेतून आलेलं वाक्य बोलायचं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मला परत डोक्यावर बसवलं, दोन्ही हातांनी नीट दाबून, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रधानजी, ही लाकडं उचला!"

"चुन्याच्या भट्टीकडे न्या."

"चुन्याच्या भट्टीकडे न्या!"

चादरीखाली राजाचे पाय झटके देत होते. कुणी पडदा पाडायला धावलं, तर लटारूभाऊनं दोरी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. त्याच्या घशातून आवाज येत नव्हता, म्हणून तो नुसती मान हलवत होता, नाही, नाही.

"आजपासून मी बसणार आहे," विंगेतली बाई म्हणाली.

"आजपासून मी बसणार आहे," रंगमंचावरची पोरगी म्हणाली.

आणि पुढच्या रांगेतून नीलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं सगळा मांडव उठला. त्यांच्या राणीसाठी उठला.

तेव्हापासून आमच्या गाडीला लोक विचारतात, भट्टीवाली हिराई आणली का? नानाजी छाती फुगवून सांगतात की ही कल्पना त्यांचीच. सांगू देत. हिराईचं काम सरिताकडे परत आलं आहे आणि मोनालीही आता थोडंफार पाठ करू लागली आहे. धनराज अधूनमधून येतात, मागे उभे राहून शेवट पाहतात आणि गाडीवर बसून निघून जातात. त्यांचं मन फिरलं असं मी म्हणणार नाही. काही गावं अजूनही चिताच मागतात. तिथे आम्ही खेळ करत नाही.

माझे दोन खडे पडलेत, मोराची मान वाकली आहे, कडेला गंज धरतोय. फार हंगाम उरले नाहीत मला. पण तुमच्यापैकी कुणी नवी राणी लिहीत असेल, तर माझं एवढं ऐका. तिला मारायची घाई करू नका. तिनं काय बांधलं, कुणाला न्याय दिला, कुणाशी भांडली, ते आधी दाखवा. आणि शेवटच्या अंकात मला उतरवायचंच असेल, तर जिच्या डोक्यावर मी आहे तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर पडदा पाडू नका.