माणशी सतरा पौंड

"तेवीस किलोच्या वर दोनशे ग्रॅम! अहिल्या, काढ बाई काहीतरी," वजनाच्या काट्यावर वाकून हरीश म्हणाला. ॲरिझोनात नवी नोकरी, पुन्हा कॉम्प्युटर चिपचाच कारखाना, फक्त मोठा. त्याने आधी होकार कळवला आणि मग घरी सांगितलं. वा रे वा!

शेवटी त्यानेच बॅगेत हात घातला आणि अहिल्याचं भिंग बाहेर काढलं. "याचं तिकडे काय काम?"

अगदी हेच वाक्य तिने परवा वाचलं होतं.

इथे जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका लहानशा संग्रहालयात ती जुनी पत्रं वाचून टाइप करायची. ते जुनं हस्ताक्षर आताच्या जर्मन लोकांनाही लागत नाही. पुण्याच्या या बाईने आठ वर्षं डोळ्यांची वाट लावून ते शिकून घेतलं होतं. सध्या हातात एर्नेस्टीनची पत्रं होती. नवऱ्याने अमेरिकेतला मॉर्मन पंथ घेतला, म्हणून त्याच्यामागोमाग ही बाई अठराशे छप्पन्न साली अमेरिकेला गेली. तिथे शेकडो मैल हातगाडी ओढायची, सामान माणशी सतरा पौंड. पहिल्याच मुक्कामाला नवऱ्याने तिचा चरखा उतरवला. 'म्हणाले, याचं तिकडे काय काम,' तिने बहिणीला लिहिलं होतं. मग पांघरुणं गेली. मग बर्फ पडला. 'धाकट्या लेकीला काल रस्त्याकडेला ठेवलं. जमीन गोठलेली, खणता आली नाही.' शेवटचं पत्र चारच ओळींचं, अक्षरही दुसऱ्याच कुणाचं होतं.

"अगं, ऐकतेस ना? त्या क्युंडिगुंगवर सही कर. घर सोडायची नोटीस आजच पोस्टात पडायला हवी. करारावर दोघांची नावं आहेत, म्हणून तुझी लागते. नुसती फॉर्मॅलिटी."

"माझं काम इथे आहे, हरीश."

"आल्झो, म्हणजे पत्रं तर वाचायची! तिकडे मिळेल की काहीतरी."

हेही एर्नेस्टीनच्या दुसऱ्या एका पत्रात होतं. अहिल्याला भीती वाटली, खरोखरची भीती. हरीश काही वाईट माणूस नव्हता. पण एर्नेस्टीनचा नवरा तरी कुठे वाईट होता? धाकटी गेली त्या पत्रातही तिने त्याचं कौतुकच केलं होतं.

ती टेबलाशी बसली. वर हरीशची ऐसपैस सही, खाली तिचं छापील नाव आणि एक रेघ. तिने त्या रेघेवर भिंग धरलं.

"झाली का?" हरीशने बॅगेची चेन ओढत विचारलं.

"वाचतेय."

"त्यात वाचायचंय काय? चार ओळी आहेत!"

"तेवढ्याच तिच्या शेवटच्या पत्रातही होत्या," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

तिने भिंग कोटाच्या खिशात टाकलं, बूट चढवले आणि संग्रहालयाकडच्या नेहमीच्या ट्रामसाठी बाहेर पडली. हरीश टेबलाशी आला. त्याच्या सहीची शाई केव्हाच वाळली होती. खालची रेघ कोरी होती.