अल्डरफोर्डची घंटा

ती पोरगी उलटी चालत होती. पाठ रस्त्याकडे, तोंड पाहुण्यांकडे आणि हात हवेत. कॉलेजचं वाचनालय, कॉलेजचं तळं, कॉलेजची बदकं, सगळ्यांची ओळख करून देत ती मागे मागे सरकत होती, आणि प्रवेश मिळालेल्या मुलांचे आईबाप वरातीत चालावं तसे तिच्यामागून चालले होते.

"आता आपटणार," वेंडेल ब्रुबेकर आपल्या मुलीच्या कानात पुटपुटला. "मागे झाड आहे."

"नाही रे बाबा. रोजची सवय असते त्यांना."

"चार वर्षं उलटं चालायला शिकवतात म्हणजे! शिक्षण कळलं इथलं."

हॅडली नाकातल्या नाकात हसली. वेंडेलला तेवढंच हवं होतं.

बापलेकीचा हा जुना खेळ होता. वेंडेल ओहायोतल्या एका लहानशा गावात, तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा, आणि त्याच्या जिभेला हाड नाही हे सबंध गावाला ठाऊक होतं. पोरं त्याच्या तासाला पोट धरधरून हसायची, फक्त आपला नंबर लागला की गप्प व्हायची. घरी त्याची जोडीदार हॅडली. कुणाचं लग्न असो, चर्चमधलं जेवण असो, परतताना गाडीत दोघं यजमानांची सालं काढायची आणि एकमेकांना दहापैकी गुण द्यायची. वेंडेल गुणांच्या बाबतीत महाकंजूष. आठाच्या वर तो कधी गेला नव्हता. आई रेनी या खेळात नसायची. तिला विनोद कळत नाही, असं या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता वर्षभर कॉलेजांची सालं काढून झाल्यावर दोनच उरली होती. एक शिकागोतलं भलंमोठं विद्यापीठ आणि दुसरं हे अल्डरफोर्ड. पैशांचं रडगाणं नव्हतं, दोन्हीकडून मदत सारखीच मिळत होती. मेच्या एक तारखेपर्यंत काय ते कळवायचं. वेंडेलच्या लेखी यात ठरवायचं तरी काय होतं? शिकागोचं नाव काढलं की पेट्रोल भरणारासुद्धा भुवया उंचावतो. अल्डरफोर्डचं नाव काढलं की लोक विचारतात, वृद्धाश्रम आहे का? मक्याच्या शेतात उभं असलेलं हे कॉलेज. एखाद्या लग्नाला येतात तेवढी सगळी मिळून मुलं, आणि नाच, तत्त्वज्ञान, दगडधोंडे, मातीची भांडी असं सगळं एकाच ताटात वाढलेलं. यातलं नेमकं काय खायचं, ते चार वर्षांनी ठरवा म्हणे! हॅडलीने येण्याचा हट्ट धरला म्हणून तो आला होता, आणि आलोच आहोत तर परतीच्या वाटेवर करमणूक होईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

टेकाडावर लाकडी चौकटीत एक जुनी घंटा टांगलेली होती. खाली जाड दोर लोंबत होता. उलटी चालणारी पोरगी तिथे थांबली आणि एकदम हळू बोलायला लागली.

"इथे प्रत्येकजण ही घंटा दोनदाच वाजवतो. यायचं पक्कं झालं की एकदा, आणि शिकून निघताना एकदा. मधली चार वर्षं कुणी दोराला हात लावत नाही. ज्यांचं आज ठरलंय, त्यांनी जाण्याआधी केव्हाही येऊन वाजवा."

हॅडली पुढे सरकली. तिने मान वर करून घंटेकडे पाहिलं आणि हात दोराकडे नेला.

"वाजव, वाजव," वेंडेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाईच्या गळ्यातली दिसतेय. संध्याकाळी धार काढायला हाक मारतील."

दोनचार बाप खदखदून हसले. आवार दाखवणारी पोरगीही हसली, पण तिचे कान लाल झाले. हॅडलीने हात बाहीत ओढून घेतला आणि तीही हसली.

दुपारी जेवणघरात त्यांच्या टेबलावर एक म्हातारी बाई ताट घेऊन येऊन बसली. भूगर्भशास्त्राची प्राध्यापक. स्वेटरवर सकाळच्या अंड्याचा डाग, केस कंगव्याशी वैर असल्यासारखे. तिने हॅडलीला विचारलं, "तुला कशाचा नाद आहे?" हॅडलीने जरा बापाकडे पाहिलं आणि मग खिशातून दगड काढला. घरामागच्या ओढ्यात ती लहानपणापासून असे दगड वेचायची, शिंपल्यांचे ठसे असलेले. एक कायम खिशात असायचा.

"यातला शिंपला समुद्राच्या तळाशी जागच्या जागी मेलेला आहे," हॅडली म्हणाली.

"मला नाही पटत," बाई म्हणाली. "वाहत आलेला दिसतो. तू कशावरून म्हणतेस?"

झालं! दोघी भांडायला लागल्या. बाईने खिशातून भिंग काढलं. हॅडली टेबलावर ओणवी झाली, तिने मिठाची बाटली समुद्र म्हणून मांडली, मिरपूड सांडून गाळ केला. कुणी तिच्याशी असं भांडलं नव्हतं कधी. शाळेत 'हुशार आहेस' म्हणून सोडून देत, घरी सगळ्याची गंमत होई. तिच्यापुढचं सूप गार झालं, तिने त्यात चमचासुद्धा बुडवला नाही. वेंडेल त्या अंड्याच्या डागाकडे बघत होता. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्याने मनात म्हटलं, आणि हे वाक्य गाडीसाठी राखून ठेवलं.

निघताना हॅडली म्हणाली, "बाबा, तू गाडी काढ. मी बाथरूमला जाऊन आलेच."

वेंडेल गाडीत बसून किल्लीशी चाळा करत राहिला. टेकाडावरून घंटेचा टोल आला. चांगला भरदार आवाज होता, शेतांवरून पार पलीकडे गेला. मग जरा वेळाने दुसरा. तेवढ्यात हॅडली धावत आली, धापा टाकत आत बसली.

"ऐकलंस?" वेंडेल म्हणाला. "आणखी कुणीतरी गाढव पटलं यांना. आणि मागोमाग दुसरं!"

हॅडलीचं तोंड उघडं होतं, काहीतरी सांगायला उघडावं तसं. ते तिने मिटलं. हाताचा तळवा तिने जीन्सवर पुसला, मग पुन्हा पुसला. मग हसली.

वाटेत तिने त्या प्राध्यापक बाईची नक्कल केली. भिंग डोळ्याला लावणं, तो बसका आवाज, 'तू कशावरून म्हणतेस' म्हणताना पुढे येणारी हनुवटी. वेंडेलला हसून हसून गाडी कडेला घ्यावी लागली.

"दहा!" तो डोळे पुसत म्हणाला. "दहापैकी दहा! जन्मात दिले नव्हते कुणाला."

बाईचा शब्दन् शब्द हॅडलीला पाठ झालेला होता. यात काही विचार करण्यासारखं आहे, असं वेंडेलच्या डोक्यातही आलं नाही. उरलेली वाट हॅडली खिडकीबाहेर बघत बसली आणि तो आपली राखून ठेवलेली वाक्यं एकेक करून वापरत राहिला.

घरी रेनीने भट्टीतून मक्याचा पाव काढत विचारलं, "कसं वाटलं हिला?"

"हिला? धुऊन वाळत घातलं हिने कॉलेज!"

"तुला नाही विचारलं मी. हॅडली, काय आवडलं तुला तिथलं?"

"सूप बरं होतं," हॅडली म्हणाली.

वेंडेल टेबलावर थाप मारून हसला. रेनी हसली नाही. हॅडली वर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगी तुझ्या तोंडाला भिते, वेंडेल."

"माझ्या? अगं, माझ्यावर ताण आहे ती!"

"तेच तर."

बायकांना काय, काहीही दिसतं, असं म्हणून त्याने तो विषय पावाबरोबर चावून टाकला.

मेच्या एक तारखेला शाळेत शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून येतात. कुणी न सांगता कोण कुठे चाललं ते छातीवर वाचता येतं. हॅडली सकाळी निळ्या स्वेटशर्टात खाली आली, शिकागोचं नाव हातभर लांबीचं. वेंडेल दिवसभर छाती काढून फिरला. शेवटच्या तासाला मर्सी ट्रूट नावाची अबोल मुलगी मोहरीच्या रंगाच्या अल्डरफोर्डच्या स्वेटशर्टात आली, तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी गाईसारखं हंबरलं. मग सगळा वर्गच हंबरला. धार काढण्याचा विनोद वेंडेलने वर्गात आधीच सांगून ठेवलेला होता. त्याने पोरांना गप्प केलं, पण हसू दाबतच केलं.

तास संपल्यावर मर्सी एकटी मागे रेंगाळली.

"काय मर्सी, वाजवलीस का घंटा?" वेंडेलने फळा पुसत विचारलं.

"हो सर. हॅडलीच्या मागे मीच होते."

"कशाच्या मागे?"

"रांगेत. तुम्ही गाडी आणायला गेला होतात ना, तेव्हा." आपण काही नवीन सांगतो आहोत, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. "आधी तिने वाजवली, मग मी. वाजवून झाली तरी ती दोर सोडेचना. रडत होती, हसतही होती. आम्ही एका खोलीत राहायचं ठरवलं होतं, सर. काल मी मेसेज केला, तर म्हणाली, ती गंमत होती. तुमच्याकडे गंमत चालते, हे माहीत आहे मला. पण ती रडत होती, म्हणून विचारलं."

वेंडेलच्या हातातलं डस्टर फळ्यावर तसंच राहिलं.

"बघतो," तो म्हणाला.

घरी रेनी अजून आली नव्हती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी हॅडली लॅपटॉप उघडून बसली होती, निळ्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. जेवण झाल्यावर शिकागोला होकार कळवायचं बटण दाबायचं, असं ठरलं होतं. म्हणजे अजून वेळ होता. सरळ चार शब्द म्हणायचे होते, 'तुला आवडेल तिकडे जा.' पण असलं सरळ बोलणं वेंडेलच्या तोंडातून कधी निघालेलंच नव्हतं. त्याने पाणी प्यायलं, ग्लास विसळला आणि पुन्हा भरला. त्याला भीती वाटत होती. स्वतःच्या पोरीची भीती आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती.

"मर्सी भेटली आज," तो म्हणाला.

कळांवरची बोटं थांबली. "त्या स्वेटशर्टात? मोहरीची बाटली दिसत असेल."

एरवी सात तरी दिले असते त्याने. ग्लास खाली ठेवून तो तिच्यासमोर बसला.

"हॅडली. त्या दिवशी घंटा कुणी वाजवली गं?"

तिने लॅपटॉपवरून मान वर केली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग त्याचाच आवाज काढून, भुवईसुद्धा त्याच्यासारखीच चढवून ती म्हणाली, "असेल कुणीतरी गाढव."

आणि किती गुण मिळतात ते पाहायला त्याच्याकडे बघत राहिली.