काचपेटी थंड पडली तेव्हा

मित्रांनो, मी जन्माने कुणाची आई नाही, पण आईचं काम मी वर्षानुवर्षं केलं आहे. मी एका लहानशा दवाखान्यातली जुनी काचपेटी आहे. दिवस भरण्याआधीच घाईघाईने जगात आलेल्या बाळांना मी पोटात घ्यायची आणि ऊब द्यायची.

माझा जन्म कारखान्यातला. कुणी पत्रा कापला, कुणी काच बसवली, कुणी खाली तापणारी तार जोडली. शेवटी एका तपासनिसाने माझ्या आत पाण्याची बाटली ठेवली. पाणी हवं तितकं कोमट झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा, लेकुरवाळी हो!"

आणि मी झाले. मुठीएवढी बाळं माझ्यात झोपली, गुटगुटीत होऊन घरी गेली. आईबाप माझ्या काचेला नाक लावून उभे राहत. एका आजोबांनी तर निघताना मलाच हात जोडले. शेजारी रात्रंदिवस राबलेल्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, त्यांना ते साफ विसरले. मला फुशारकी चढली. वाटलं, ऊब म्हणजे मीच!

पण वय कुणाला चुकलंय? माझ्या दाराच्या रबराला भेगा पडल्या. वीज गेल्यावर मला चालवणाऱ्या बॅटरीने कधीच मान टाकली होती. "नवी मागवू," असं सगळे म्हणत आणि दुसऱ्या कामाला लागत. मोठ्या सिस्टर तेवढ्या भेगांवर चिकटपट्टी लावत आणि म्हणत, "बाई गं, अजून थोडी कळ काढ."

अशातच गाव पेटलं. भांडण कशावरून झालं, कोण बरोबर, कोण चूक, ते मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत फक्त आवाज पोचायचे. पळणाऱ्या पावलांचे, फुटणाऱ्या काचांचे. खिडकीतून जळक्या टायरचा वास यायचा.

तेव्हा माझ्या पोटात एका शिवणकाम करणाऱ्या बाईची लेक होती. इवलीशी, जणू कातडीत गुंडाळलेला श्वास. तिचे वडील बसचालक. सकाळी ते बायकोला म्हणाले, "पुलापलीकडे माणसं अडकलीत गं. त्यांना आणतो नि आलोच." तिच्या सासूबाई मुलामागे दारापर्यंत गेल्या.

दुपारी वीज गेली. जनरेटर थोडा वेळ धडधडला, खोकला आणि बंद पडला. डिझेल आणणार कुठून? दुकानांना कुलपं होती. माझी तार निवू लागली. पोटात लेकरू, आणि मी थंड पडत चाललेली! मित्रांनो, त्या क्षणी मी दगड असते तर बरं, असं मला वाटलं.

डॉक्टरांची गाडी पुलाजवळ अडवली होती. फोनवर त्यांचा आवाज आला, "सिस्टर, बाळ आईच्या उघड्या छातीशी द्या. ताबडतोब! मी पायी निघतोय."

मोठ्या सिस्टरांनी माझं दार उघडलं. आई मागे सरकली. "नको सिस्टर! एवढीशी ती, हातातून निसटेल. पडेल ती."

"पडणार नाही. मी ओढणीने बांधते ना."

"तिला पेटीतच राहू द्या हो."

"पेटी गार झालीय. आता तूच तिची पेटी."

बाळ आईच्या छातीशी बांधलं, वरून पांघरूण घातलं. बाळाची धडपड थोडी शांत झाली. सिस्टरांनी सुस्कारा सोडला, तोच फरशी पुसणाऱ्या मावशी धावत आत आल्या. "बस जाळली म्हणे! पुलापलीकडची, तीच बस!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. आणि बाळ निपचित झालं. ओठ निळसर दिसू लागले.

सिस्टरांनी बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. एकदा. पुन्हा. बाळाने आचका देऊन श्वास घेतला.

"ती श्वास घ्यायला विसरतेय," सिस्टर म्हणाल्या. "तू सावकाश घे, म्हणजे तिलाही आठवेल."

"कसा घेऊ? ते तिकडे..."

"तिकडे काय झालंय, ते मलाही माहीत नाही, तुलाही नाही. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण इथे काय आहे, ते आपल्या दोघींनाही दिसतंय."

बाहेर आरडाओरडा वाढला. एक दगड खिडकीवर आदळला, काच खळ्‌कन फुटली. सिस्टर खिडकीकडे पाठ करून खाटेआड उभ्या राहिल्या. आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिची बोटं बाळाच्या पाठीवर हलू लागली. चिमूट धरल्यासारखी, एकाच लयीत.

"काय करतेयस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काज करतेय, आई. मनातल्या मनात. हिच्या झबल्याला. भीती येते, तिला म्हणते, बस तिथे बाजूला, माझा टाका चुकेल."

जळालेल्या बसमध्ये सासूबाईंचाच मुलगा होता. किंवा नव्हता. त्या पदराने डोळे पुसून जवळ आल्या, सुनेच्या पाठीवर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "झबल्याला बटणं नकोत गं. टोचतात. नाडी लाव."

अशा आकांतातही सुनेच्या कामात चूक काढायची राहिली नाही! आईला हसू फुटलं. अगदी थोडंसं, ओलं. पण त्या हसण्याबरोबर तिचा अडकलेला श्वास मोकळा झाला आणि तिच्या छातीवर बाळही संथपणे वरखाली होऊ लागलं.

बाहेरचं काही थांबलं नव्हतं. मला वाटायचं, दार घट्ट लावलं, बाहेरचं बाहेर ठेवलं, की शांतता मिळते. त्या दुपारी खिडकीला काचसुद्धा उरली नव्हती, तरी त्या खाटेवर शांतता होती. ती त्या बाईने टाक्याटाक्याने जमवली होती.

तिन्हीसांजेला डॉक्टर धुळीने माखून आले. त्यांनी बाळाला हात लावला. "ऊबदार आहे," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी बसचालक आले. बस गेली होती, माणसं वाचली होती. सगळ्यांना उतरवून ते त्यांच्यासोबत एका शाळेत लपले होते. त्यांच्या भुवया करपल्या होत्या, एका पायाने ते लंगडत होते. दारातच त्यांनी तोंड उघडलं, तशी बायको हळूच म्हणाली, "ओरडू नका. आत्ताच झोपलीय. आधी हात धुऊन या."

ते मुकाट्याने नळाशी गेले आणि तिथे हमसून हमसून रडले. मग तिने बाळ सासूबाईंच्या छातीशी दिलं, बाहेर गेली आणि तीही पोटभर रडली.

आता माझ्या जागी नवी पेटी आली आहे. मी अडगळीच्या खोलीत असते. त्याचं वाईट वाटतं, नाही कसं? पण मित्रांनो, माझं एक ऐका. यंत्रांची निगा वेळच्या वेळी राखा; भेग छोटी असते तेव्हाच बुजवा. आणि तुमच्याजवळचं कुणी भेदरलं असेल, तर नुसतं "घाबरू नकोस" म्हणून निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा. आधी आपला श्वास सावकाश होऊ द्या. मग त्याचा हात हातात घ्या.